आडवं कोण गेलं?

मांजर आडवं गेलं तर काय करायचं, हे मराठी घरात कुणाला शिकवावं लागत नाही. थांबायचं. सात पावलं मागे यायचं. नाहीतर मागून कुणी येतंय का ते बघायचं आणि त्याला आधी पुढे जाऊ द्यायचं. पहिले दोन उपाय निरुपद्रवी आहेत, फार तर बस चुकेल. तिसरा मात्र नीट बघण्यासारखा आहे. अपशकुनावर आपला खरोखर विश्वास असेल, तर मागून येणाऱ्या त्या अनोळखी सायकलवाल्याच्या माथी आपण तो जाणूनबुजून मारत असतो. त्याचं काम अडो, त्याचा हात मोडो, माझं निभावलं म्हणजे झालं. बरं, असं करणारी माणसं वाईट नसतात. संध्याकाळी घरी येऊन तीच माणसं मागच्या दारी त्याच मांजराला दुधाची बशी लावतात.

अंधश्रद्धेविरुद्ध आणखी एक भाषण द्यायचा माझा विचार नाही. ती लढाई लढणाऱ्यांनी तिची किंमत मोजली आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात झाला, आणि वर्षानुवर्षं रखडलेला जादूटोणाविरोधी कायदा त्यानंतर आला. मांजराने काही बिघडत नाही हे आज बहुतेकांना पटलेलं असतं, तरी पाय थबकतो. मला प्रश्न पडतो तो त्या थबकण्याविषयी. थबकलेल्या माणसाला मांजर दिसतच नाही. ते लंगडतंय का, पोटुशी आहे का, त्याच्यामागे कुत्रं लागलंय का, काही नाही. त्याला दिसतो तो आपला दिवस कसा जाणार हा प्रश्न. समोरचा जिवंत जीव म्हणजे आपल्या नावाने आलेली एक चिठ्ठी होऊन जातो. माझं म्हणणं असं आहे की आपली दया आटते ती याच जागी, आणि माणसांच्या बाबतीतही ती इथेच आटते.

जुन्या शकुनांच्या याद्या काढून बघा. घराबाहेर पडताना भरली घागर घेतलेली सवाष्ण दिसली, वासराला पाजणारी गाय दिसली, तर शुभ. रिकामी घागर, लाकडाची मोळी, मांजर, तेली, विधवा दिसली, तर अशुभ. वस्तू, जनावरं आणि माणसं एकाच ओळीत बसवलेली आहेत, आणि ओळ लावणाऱ्याला त्यात काही खटकलेलं नाही. मोळी विकून पोट भरणाऱ्या बाईला आपण कुणाचा तरी अपशकुन आहोत हे ठाऊक असायचं, आणि सकाळी बाजाराला निघणं तर तिला भागच असायचं. विधवेचं तर विचारूच नका. घरातल्या घरात, सख्ख्या भाचीच्या लग्नात, ती आपणहून मागच्या खोलीत जाऊन बसायची. कुणी जा म्हणायची गरजच उरलेली नसायची.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढून घेणं या प्रथा गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींपुढे हेरवाडचं उदाहरण ठेवलं. किती गावांनी ते मनापासून घेतलं हा वेगळा विषय आहे. पण हेरवाडने जे केलं ते मला फार मोलाचं वाटतं. त्यांनी विधवेला शुभ ठरवलं नाही. ती शुभही नाही आणि अशुभही नाही, ती एक बाई आहे आणि तिच्या बांगड्या तिच्या आहेत, एवढंच त्यांनी म्हटलं.

शुभ ठरण्यातही सुख नसतं, हे मांडुळाला विचारावं. हा बिनविषारी साप भुसभुशीत जमिनीत राहतो, उंदीर खातो, शेतकऱ्याच्या कामाचा आहे. शेपटी बोथट, तोंडासारखी दिसणारी, म्हणून त्याला दुतोंड्या म्हणतात. तो गुप्तधन दाखवतो, घरात पैसा आणतो, अशी समजूत पसरली आणि त्याच्या जिवावर बेतलं. वजनावर लाखांचे भाव सांगतात, आणि मांडूळ विकायला आलेल्या टोळ्या पकडल्याच्या बातम्या महाराष्ट्रातल्या वर्तमानपत्रांत नेमाने येतात. कायद्याने तो संरक्षित आहे. मांजराला अशुभ म्हणून दगड बसतो आणि मांडुळाला शुभ म्हणून पोत्यात कोंबतात. दोघांचीही चौकशी कुणी करत नाही.

याचा दोष सगळ्या लोककथांवर टाकणारेही आहेत. मला ते मान्य नाही. आपल्याकडे मुलाच्या जन्मानंतर पाचव्या-सहाव्या रात्री जी सटवाई नशीब लिहायला येते, तीच बंगालमधली षष्ठी, आणि तिकडे तिचं वाहन आहे मांजर. तिच्या व्रताची कहाणी अशी. एका घरातली धाकटी सून चोरून खायची आणि आळ घरातल्या मांजरावर घालायची. मांजराला मार बसायचा. मांजराने देवीकडे गाऱ्हाणं नेलं. सुनेला मूल झालं की मांजर ते उचलायचं आणि देवीपाशी नेऊन ठेवायचं. एकामागून एक मुलं नाहीशी झाली. शेवटी सून देवीला शरण गेली, मांजराची माफी मागितली, तेव्हा मुलं परत मिळाली. पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी बायकांना सांगितलेली ही गोष्ट. तिच्यात मांजर कुणाचा शकुन नाही. त्याच्यावर अन्याय झालेला आहे, ते तक्रार करू शकतं, आणि देवी त्याची तक्रार ऐकते. मुक्या जनावराला फिर्यादी बनवणारी कथा अडाणी कशी म्हणायची?

मला मात्र या कहाणीत सुनेचाही प्रश्न पडतो. कथा तिला खादाड म्हणते. पण एकत्र कुटुंबातली सगळ्यात धाकटी सून जेवायला कधी बसायची? पुरुष झाले, मुलं झाली, सासू झाली, जावा झाल्या, मग उरलंसुरलं असेल ते. त्या घरात खरकट्यावर जगणारे दोघेच होते, एक मांजर आणि एक ती. एकाच भांड्यावर दोघींची नजर, आणि सापडल्यावर मार कुणी खायचा एवढाच वाद. कहाणी सांगणाऱ्या बायकांना हे कळत नसेल असं मला वाटत नाही. त्यांनी सुनेला शिक्षा दिली, पण शेवटी मुलंही परत दिली. भांड्याचा हिशेब ठेवणारे मात्र कहाणीत कुठेच येत नाहीत. ते बहुधा जेवून ओसरीवर पान खात बसले असतील.

कुराणानंतरच्या परंपरेत, हदीसमध्ये, जवळपास याच वळणाच्या दोन गोष्टी आहेत. एका बाईने मांजर कोंडून उपाशी मारलं, ती नरकात गेली. दुसरीकडे एका वेश्येने विहिरीकाठी तहानेने जीभ काढून बसलेलं कुत्रं बघितलं, पायातला जोडा काढून ओढणीला बांधला, पाणी शेंदून त्याला पाजलं, आणि तेवढ्यावर तिला क्षमा मिळाली. कुत्र्याला पाणी पाजणारा कुणी प्रतिष्ठित व्यापारी घेऊनही ही गोष्ट सांगता आली असती. सांगणाऱ्याने तशी सांगितली नाही. ज्या बाईकडे लोक पाठ फिरवायचे तिला, आणि ज्या जनावराला हाकलायचे त्याला, एकाच विहिरीवर आणून ठेवलं.

आता आपल्या धर्मशास्त्राकडे येऊ. मांजर मारलं तर सोन्याचं मांजर करून काशीला दान करावं लागतं, हे लहानपणी सगळ्यांनीच ऐकलेलं असतं. ऐकायला गोड वाटतं, प्राण्याच्या जिवाला सोन्याचं मोल. पण मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात प्रायश्चित्तं सांगितली आहेत, तिथे मांजर, मुंगूस, चाष पक्षी, बेडूक, कुत्रा, घोरपड, घुबड आणि कावळा यांना मारणाऱ्याने शूद्रहत्येचं व्रत करावं असं म्हटलं आहे. म्हणजे शूद्र माणसाच्या जिवाची किंमत बेडकाइतकी. लगेच पुढच्या श्लोकात सोपे पर्यायही आहेत. तीन रात्री दूध पिऊन राहावं, किंवा योजनभर चालावं. हा श्लोक दाखवला की काही जण म्हणतात, बघा, आपल्याकडे मांजराच्या जिवाचाही विचार होता. होता. आणि तोच विचार करताना माणसाला कुठे नेऊन बसवलं हेही त्याच ओळीत लिहिलेलं आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला हा ग्रंथ जाळला गेला. त्याआधी मार्चमध्ये तिथल्याच चवदार तळ्यावर माणसांनी पाणी प्यायचं धाडस केलं, तेव्हा त्यांना मारहाण झाली आणि तळं पंचगव्याने शुद्ध करून घेण्यात आलं. गुरंढोरं त्या तळ्यावर रोज पाणी पीत होती, त्यांच्यासाठी कधी शुद्धी करावी लागली नव्हती. १९३१ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत मणिभवनात गांधींना भेटल्यावर डॉ. आंबेडकर म्हणाले, ते याच अर्थाचं होतं: जिथे आम्हाला कुत्र्या-मांजरांहून वाईट वागवतात, प्यायला पाणी मिळू देत नाहीत, ती भूमी माझी कशी म्हणू?

म्हणून प्राण्यांवरच्या दयेचं कौतुक ऐकलं की मी थोडा सावध होतो. या दयेला माझा विरोध नाही. पण ती स्वस्तात करता येते. एकनाथांच्या दोन गोष्टी याच कारणाने शेजारी ठेवून वाचाव्यात. काशीहून गंगेची कावड रामेश्वराला नेताना वाळवंटात तडफडणारं गाढव दिसलं आणि नाथांनी ते पाणी त्याच्या तोंडात घातलं, ही गोष्ट आपण चित्रांत बघितली, शाळेत ऐकली. दुसरी पैठणची. गोदावरीच्या तापल्या वाळूत चुकलेलं, रडणारं, अस्पृश्य मानलेल्या जातीचं पोर त्यांनी कडेवर घेतलं आणि त्याच्या घरी पोचवलं. श्राद्धाचं अन्न त्याच लोकांना जेवू घातलं, ही आणखी एक. गाढवाच्या गोष्टीत सोबतच्या यात्रेकरूंनी हळहळ केली, पुण्य वाया गेलं म्हणून. पोराच्या आणि श्राद्धाच्या गोष्टींत मात्र अख्खं ब्रह्मवृंद उलटलं, बहिष्काराची भाषा झाली. असं का व्हावं? गाढव पाणी पिऊन निघून जातं. उद्या ते पंगतीला शेजारी बसायला येत नाही, मजुरी वाढवून मागत नाही, विहिरीवर हक्क सांगत नाही. माणूस सांगतो. गाढवावरची दया आपल्या जागेला धक्का लावत नाही. माणसावरची दया आपल्याला थोडं सरकायला लावते.

एवढं म्हटलं की दुसऱ्या बाजूचे लोक खूश होतात. तेच तर आम्ही म्हणतोय, माणसं उपाशी मरतायत आणि हे मांजरांना मासे घालतायत! त्यांनाही थांबवायला हवं. हे वाक्य मी पुष्कळदा ऐकलं आहे आणि ते बोलणाऱ्याच्या हातात उपाशी माणसासाठी घेतलेली थाळी सहसा नसते. मांजरांना खाऊ घालणाऱ्या एखाद्या बाईने उद्या ते बंद केलं, तर वाचलेले मासे कुठल्या भुकेल्याच्या पानात पडणार आहेत? इथे उपाशी माणसाचा वापर होतो तो दुसऱ्याचं तोंड बंद करायला. म्हणजे तोही पुन्हा खूणच झाला, वादात फेकायचा मुद्दा. गाडगेबाबांनी लोकांना जी दहा कामं सांगितली, त्यांत भुकेलेल्यांना अन्न आहे, तहानलेल्यांना पाणी आहे, बेघरांना आसरा आहे, बेकारांना रोजगार आहे आणि त्याच यादीत पशुपक्ष्यांना, मुक्या प्राण्यांना अभय आहे. एक झाल्याशिवाय दुसरं करू नका असं त्यांनी म्हटलेलं नाही. देवापुढे बोकड कापणाऱ्यांना कीर्तनात झोडपणारा हाच माणूस पंढरपुरात गोरगरिबांसाठी धर्मशाळा उभी करत होता.

मात्र अभय देणं आणि दाणे टाकणं या दोन गोष्टी एक नाहीत. २०२५ च्या उन्हाळ्यानंतर मुंबईत कबुतरखान्यांवरून जे झालं ते आठवा. कबुतरांच्या विष्ठेने आणि पिसांच्या धुळीने फुप्फुसांचे आजार होतात, काही रोग्यांत ते कायमचे होतात, हे डॉक्टर कितीतरी वर्षं सांगत होते. उच्च न्यायालयात प्रकरण गेलं, पालिकेने दाणे टाकण्यावर बंदी आणली, दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला, आणि ऑगस्टमध्ये चिडलेल्या लोकांनी ती ताडपत्री फाडली. दाणे टाकणाऱ्यांची श्रद्धा खोटी होती असं मी म्हणणार नाही. पण मूठभर दाणे टाकून, हात जोडून, गाडीत बसून जाणाऱ्याला त्या चौकात वरच्या मजल्यावर राहणारी दम्याची म्हातारी दिसली होती का? आणि कबुतर तरी दिसलं होतं का? आयत्या दाण्यावर पोसलेली त्यांची बेसुमार वाढ, कोंदट जागेतली गर्दी, आजारी पिलं, हे बघायला थांबावं लागतं. पुण्य जमा झालं की थांबायचं कारण उरत नाही. शनिवारी काळ्या कुत्र्याला पोळी घालणाऱ्याचंही तेच. कुत्रं काळं हवं, वार शनिवार हवा. रविवारी त्याच कुत्र्याला भूक लागते याची दखल कुंडलीत नसते.

भटक्या कुत्र्यांचा वाद याहून अवघड आहे, कारण तिथे दोन्ही पारड्यांत खरे जीव आहेत. मुंबईला हा वाद नवा नाही. १८३२ च्या जूनमध्ये कंपनी सरकारच्या माणसांनी रस्त्यावरची कुत्री मारायला घेतली तेव्हा पारशी लोक रस्त्यावर उतरले आणि दंगल झाली. कुत्र्याला त्यांच्या अंत्यविधीत स्थान आहे. दोनच वर्षांनी जमशेटजी जीजीभाई आणि इतर दात्यांनी मुंबईचा पांजरपोळ सुरू केला. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आधी दिल्ली परिसरातली सगळी कुत्री निवाऱ्यात नेण्याचा आदेश दिला आणि अकरा दिवसांत तो बदलला. नसबंदी करा, लस द्या, पुन्हा जागच्या जागी सोडा. पिसाळलेली आणि हिंस्र कुत्री मात्र सोडू नका. खाणं ठरलेल्या जागीच घाला. हा बदल मला योग्य वाटतो. पण प्राणिप्रेमींच्या सभांमध्ये रेबीज हा शब्द जितक्या घाईने उरकला जातो ते मला आवडत नाही. लक्षणं दिसू लागल्यावर या रोगातून जवळजवळ कुणी वाचत नाही. जगातल्या रेबीजच्या मृत्यूंपैकी साधारण एक तृतीयांश आपल्या देशात होतात. बळी जातात ते बहुतेक गरीब घरांतले, त्यांत मुलं पुष्कळ. बंद गाडीतून फिरणाऱ्याला कुत्रं चावत नाही. पहाटे चालत कामाला निघालेल्या सफाई कामगाराला चावतं. त्याच्या पायाची जखम साबणाने पंधरा मिनिटं धुवायला जवळ नळ आहे का, सरकारी दवाखान्यात लस आणि सीरम आहे का, हे विचारणंही कुत्र्यांवरच्या प्रेमातच यायला हवं. तुकोबांनी दयेची व्याख्या करताना प्राणिमात्रांचं पाळण म्हटलं आणि लगेच पुढे कंटकांचं निर्दळणही म्हटलं. दुसरी अर्धी ओळ आपण सोयीने विसरतो.

कायद्याने आपल्या परीने काही केलं आहे. फार नाही. १९६० चा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा कायदा अजून पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये दंड सांगतो, म्हणजे मांजराच्या पायावर दगड टाकायची किंमत एका वडापावच्या आसपास. २०२३ च्या नियमांनी सोसायट्यांवर एक साधी जबाबदारी टाकली. परिसरातल्या प्राण्यांना खाणं घालायला जागा आणि वेळ ठरवून द्या, मुलांच्या खेळायच्या जागेपासून, जिन्यापासून, येण्याजाण्याच्या दारापासून लांब. वाचायला किती सोपं आहे! प्रत्यक्षात यावरून सोसायट्यांत जी भांडणं होतात, त्यांत दोन्हीकडचे लोक एकमेकांवर निर्दयतेचा आरोप करत असतात आणि दोघांचं ऐकत वॉचमन उभा असतो. उभा, कारण बऱ्याच ठिकाणी त्याला धड खुर्चीही नसते. खाणं घातलं म्हणून एका गटाच्या शिव्या आणि खाणं घालू दिलं नाही म्हणून दुसऱ्या गटाच्या शिव्या, दोन्ही त्यालाच. मेलेलं मांजर उचलायचं असेल तेव्हाही त्यालाच, नाहीतर पालिकेच्या माणसाला, हाक मारतात. ते उचलणारे हात कुठल्या जातींचे असतात, हे या गावात सगळ्यांना माहीत आहे.

काही इमारतींत पाळीव कुत्र्याला मुख्य लिफ्टमधून न्यायला मनाई करता येत नाही, कारण प्राणी कल्याण मंडळाचं तसं मार्गदर्शन आहे, आणि ते बरोबरच आहे. त्याच इमारतींत धुणंभांडी करणाऱ्या बायकांनी मागच्या लिफ्टने जावं अशी पाटी असते. सभेत कुत्र्याच्या लिफ्टवर दीड तास वाद होतो. मागच्या लिफ्टचा विषय कार्यक्रमपत्रिकेवर येत नाही, कारण तो मांडणारं तिथे सभासद नसतं.

तेव्हा मांजरांना जागा ठरवून देण्याचा ठराव तुमच्या सोसायटीत येणार असेल तर जरूर हात वर करा. फक्त त्याच सभेत, त्याच पत्रिकेवर, वॉचमनच्या खुर्चीचा, त्याच्या संडासाचा आणि मागच्या लिफ्टवरच्या त्या पाटीचा विषय लावून घ्या. मांजरांचा ठराव बहुधा तासाभरात होईल. दुसरा किती वेळ चालतो आणि त्यात कोण कोण उठून जातं, ते बघा.